दुब्रोवनिकला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रोएशियाच्या दक्षिण टोकाला, एड्रियाटिक समुद्राच्या काठी तटबंदीच्या आत वसलेलं दुब्रोवनिक पाहायला जाणाऱ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. व्हिसा, गर्दी, तिकिटं, पायऱ्या, शाकाहारी जेवण. त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. किमती दर हंगामाला बदलतात, तेव्हा निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर एकदा ताळा करून घ्या.

किती दिवस ठेवावेत?

दोन रात्री किमान, तीन असतील तर उत्तम. बरेच जण सकाळी येऊन संध्याकाळी निघून जातात आणि मग "गर्दीशिवाय काही दिसलं नाही" म्हणतात. ते खरंच असतं, कारण क्रूझ जहाजांचे प्रवासी आणि एका दिवसाच्या सहलींच्या बस साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन-चारपर्यंत शहरात असतात. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर तेच रस्ते मोकळे होतात. मुक्काम केला तरच या दोन्ही वेळा हाताला लागतात. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर हॉटेलचा दर्जा उतरवा, रात्र कमी करू नका.

कोणत्या महिन्यात जावं?

मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, गर्दी आणि भाडी तिन्ही शिगेला असतात. त्यातही १० जुलै ते २५ ऑगस्ट या काळात १९५० पासून चालत आलेला उन्हाळी महोत्सव असतो. किल्ले, चौक, राजवाड्यांची अंगणं इथे नाटकं आणि मैफली होतात. त्यासाठीच जाणार असाल तर राहायची सोय काही महिने आधी करा.

महाराष्ट्रातल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी इथे चपखल बसते. फक्त मेमध्ये समुद्राचं पाणी गार असतं, पोहायचा बेत असेल तर जून उजवा. दिवाळीच्या सुट्टीचं गणित मात्र सांभाळून करा. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली तर हवा बहुधा साथ देते. नोव्हेंबरात गेली तर वर्षातला सर्वाधिक पाऊस याच सुमारास असतो, बऱ्याच बोटी बंद होतात आणि अनेक खानावळींना कुलूप लागतं.

वारेही समजून घ्या. ईशान्येकडून डोंगर उतरून येणारा कोरडा, झोंबणारा वारा म्हणजे 'बुरा'. तो सुटला की आकाश निरभ्र असतं, पण स्रज डोंगरावर जाणारा रोपवे बंद ठेवावा लागतो. आग्नेयेकडून येणारा दमट वारा म्हणजे 'युगो'. त्याच्याबरोबर ढग, पाऊस आणि मोठ्या लाटा येतात, आणि छोट्या बोटी रद्द होतात. म्हणून शेजारचं लोक्रुम बेट आणि रोपवे हे दोन्ही शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

व्हिसा कोणता लागतो?

१ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे भारतीय पारपत्रावर शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे तुमच्या सर्वांत जास्त रात्री आहेत. दोन देशांत रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार त्या देशाकडे. उदाहरणार्थ, इटलीत सहा रात्री आणि क्रोएशियात चार असतील तर अर्ज इटलीकडे जातो. इथे चूक झाली तर अर्ज नाकारला जाऊ शकतो.

मोठ्या माणसांसाठी शुल्क ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ४५. सेवा केंद्राचं शुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. नियमानुसार पंधरा दिवस आधीपर्यंतही चालतो, पण उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळतानाच नाकीनऊ येतात, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर कोतोर किंवा मोस्तारला जाऊन येता येईल का?

नाही. या एका गोष्टीमुळे बऱ्याच जणांची सहल अडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दुब्रोवनिकहून एका दिवसात करण्याजोग्या दोन प्रसिद्ध सहली आहेत, मॉन्टेनेग्रोतलं कोतोर आणि बोस्नियातलं मोस्तार. हे दोन्ही देश शेंगेनच्या बाहेर आहेत. सीमा ओलांडली की शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते आणि एका प्रवेशाचा व्हिसा तिथेच संपतो. संध्याकाळी परत आत घेत नाहीत, मग सामान हॉटेलात असो की परतीचं विमान दुब्रोवनिकहून असो. त्यामुळे अर्ज भरतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि प्रवासाच्या आराखड्यात या सहलीचा दिवस स्पष्ट दाखवा. वैध, अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना हे दोन्ही देश ठरावीक दिवसांसाठी वेगळ्या व्हिसाशिवाय येऊ देतात. तरीही निघण्याआधी त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर नियम वाचा.

कोतोर सुमारे ९० किलोमीटरवर आहे, पण उन्हाळ्यात सीमेवरच्या रांगेत एक-दोन तास सहज जातात. शेंगेनच्या बाह्य सीमांवर आता बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची पद्धत सुरू झाली आहे, तोही वेळ धरा. पहाटे निघणारी सहल घेतली तर रांग कमी लागते.

व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर मन खट्टू करू नका, क्रोएशियाच्याच हद्दीतलं स्तोन बघा. चौदाव्या शतकापासून बांधत गेलेली, डोंगरावरून पलीकडे उतरणारी पाच किलोमीटरहून लांब भिंत, अजून चालू असलेली मिठागरं आणि शेजारच्या माली स्तोनच्या खाडीतले कालव. एक दिवस उत्तम जातो, आणि मासे खाणाऱ्यांचा तर नक्कीच.

क्रोएशियाच्याच किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहराहून रस्त्याने येताना बोस्निया लागतो असं ऐकलं आहे.

पूर्वी लागायचा. नेउम गावाजवळ बोस्नियाची चिंचोळी पट्टी समुद्रापर्यंत येते आणि क्रोएशियाचे दोन तुकडे करते. जुलै २०२२ मध्ये २.४ किलोमीटर लांबीचा पेल्येशाच पूल सुरू झाला आणि ती पट्टी टाळून येता येऊ लागलं. तरी काही बस अजूनही नेउममार्गे जातात. एक प्रवेशाचा व्हिसा असेल तर तिकीट काढण्याआधी "पेल्येशाच पुलावरून जाते ना?" हे विचारून घ्या.

भारतातून कसं पोहोचायचं?

थेट विमान नाही. मुंबईहून इस्तंबूल, व्हिएन्ना, फ्रँकफर्ट किंवा क्रोएशियाची राजधानी झाग्रेब असं कुठेतरी बदलावं लागतं. हिवाळ्यात विमानं कमी होतात.

दुब्रोवनिकला रेल्वे नाही. झाग्रेबहून रेल्वेने स्प्लिटपर्यंत येता येतं, तिथून बसने साधारण साडेचार तास. स्प्लिटहून येताना उजव्या बाजूची खिडकी घ्या, समुद्र त्या बाजूला असतो. हंगामात स्प्लिटहून बेटांना शिवत येणारी कॅटामरान बोटही असते. इटलीतल्या बारीहून रात्रीची फेरी बोट येते, तीही हंगामातच.

विमानतळ चिलिपी गावाजवळ, शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. विमानांच्या वेळेनुसार शटल बस सुटते, ती जुन्या शहराच्या पिले दरवाजाजवळ थांबून पुढे ग्रुझच्या बसस्थानकाला जाते. शहराकडे येताना डावीकडे बसा. शेवटच्या वळणांवर खाली तटबंदी, लाल कौलं आणि लोक्रुम बेट एकदम नजरेत येतात. परतीला थांबे वेगळे असतात, ते तिकीट घेतानाच विचारून घ्या.

राहायचं कुठे?

तटाच्या आत राहण्यात मजा आहे, पण खोली घेण्याआधी एक प्रश्न विचाराच: दारापर्यंत पायऱ्या किती? शहराची मुख्य सडक स्त्रादून सपाट आहे. तिच्या दोन्ही बाजूंना गल्ल्या चढत जातात. उत्तरेकडच्या गल्ल्या जवळजवळ तटाला भिडेपर्यंत पायऱ्यांच्याच आहेत, शंभराहून जास्त पायऱ्या चढणं तिथे नेहमीचं. लिफ्ट बहुतेक घरांत नाही, आणि तटाच्या आत टॅक्सी येत नाही. सुटकेस दगडी फरशीवरून ओढत नेली की चाकांच्या खडखडाटाने अख्खी गल्ली जागी होते. ती उचलून न्यावी अशी नगरपालिकेची विनंती आहे. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर स्त्रादूनला लागूनची किंवा तिला समांतर असलेल्या ओद पुचा रस्त्यावरची जागा शोधा.

बाहेर राहायचं तर लापाद सोयीचं आहे: किनारा, झाडी, चालायला सपाट रस्ता, आणि ६ क्रमांकाच्या बसने पंधरा-वीस मिनिटांत पिले. ग्रुझ हा बंदराचा भाग. तिथे जागा स्वस्त, भाजीबाजार आणि बसस्थानक जवळ, १अ, १ब आणि ३ क्रमांकाच्या बस जुन्या शहराकडे जातात. जुन्या शहराच्या पूर्वेकडच्या प्लोचे दरवाजाच्या बाजूने दृश्य सुंदर दिसतं, पण भाडं जास्त आणि चढही खडा.

बसचं तिकीट टपरीवर किंवा अ‍ॅपवर घेतलं तर चालकाकडच्यापेक्षा स्वस्त पडतं. बसमध्ये चढल्यावर ते यंत्रात टाकून वेळेचा शिक्का मारायचा असतो. हे राहून गेलं तर तपासनीस दंड करतो.

गाडी भाड्याने घेऊ नका. जुन्या शहरात ती नेता येत नाही, आणि जवळपासचं पार्किंग फार महाग आहे.

तटबंदीवर फिरायचं तिकीट आणि शहराचा पास, काय घ्यावं?

पास. उन्हाळ्यात तटबंदीचं तिकीट आणि एका दिवसाचा शहराचा पास यांची किंमत जवळपास सारखीच असते, सुमारे ४० युरो. पासात तटबंदी, लोवरियेनाच किल्ला, रेक्टरचा (जुन्या प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचा) राजवाडा, इतर काही संग्रहालयं आणि शहर बस हे सगळं येतं. तीन दिवसांचा पास थोडेच पैसे जास्त घेतो आणि घाई वाचवतो. हिवाळ्यात तटबंदीचं तिकीट बरंच उतरतं, तेव्हा मात्र हिशोब करून बघा. पास एकाच दिवसाचा असेल तर लोवरियेनाच त्याच दिवशी करा, उद्यावर टाकलात तर नवं तिकीट काढावं लागेल.

तटबंदीची फेरी कशी करावी?

तटबंदी १,९४० मीटर लांब आहे, काही ठिकाणी २५ मीटरपर्यंत उंच. फेरीला दीड ते दोन तास लागतात. वाट एकेरी आहे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. वर जायला तीन जागा आहेत: पिले दरवाजाशी, जुन्या बंदरावरच्या सेंट जॉन किल्ल्याशी आणि प्लोचे दरवाजाजवळ.

बहुतेक सगळे पिलेला चढतात, म्हणून तिथे रांग. तुम्ही प्लोचेकडून चढा. सुरुवातीलाच उत्तरेची चढण लागते, पाय ताजे असताना आणि ऊन कोवळं असताना ती पार होते. मग सर्वांत उंच मिन्चेता बुरूज येतो आणि तिथून पुढे समुद्राच्या बाजूने उतार. पिलेकडून चढलात तर हीच चढण शेवटी, तापलेल्या दगडावर करावी लागते. उन्हाळ्यात दरवाजा उघडतो तेव्हाच, साधारण आठला, हजर राहा. नाही जमलं तर बंद होण्याच्या दोन तास आधी.

वर सावली जवळजवळ नाही. टोपी आणि माणशी एक लिटर पाणी घ्या. एकदा खाली उतरलं की त्याच तिकिटावर परत वर सोडत नाहीत, तेव्हा स्वच्छतागृहाचं काम आधी उरका.

मिन्चेतावर थांबून कौलांकडे नीट बघा. बहुतेक छपरं एकसारखी भडक नारिंगी दिसतात, मध्येच काही फिकट, पिवळसर-तपकिरी, डागाळलेली. फिकट ती जुनी. युगोस्लाव्ह सैन्याच्या १९९१-९२ च्या वेढ्यात, विशेषतः ६ डिसेंबर १९९१ च्या भडिमारात, जुन्या शहरातल्या दोन तृतीयांशाहून जास्त इमारतींना गोळे लागले. नवी कौलं नंतरच्या दुरुस्तीतली. शहर १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि १९९१ ते १९९८ ते धोक्यातल्या वारशांच्या यादीत होतं.

खाली शहरात काय चुकवू नये?

पिलेतून आत शिरताच ओनोफ्रिओचं मोठं कारंजं लागतं. पंधराव्या शतकात सुमारे बारा किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी इथे आणलं गेलं. सोळा दगडी मुखांतून येणारं पाणी पिण्याचं आहे, बाटली इथेच भरा.

स्त्रादूनवरची घरं एकसारखी का, तर ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात शहर कोसळलं आणि तेव्हा स्वतंत्र असलेल्या दुब्रोवनिकच्या प्रजासत्ताकाने नव्या घरांसाठी एकच नमुना ठरवून दिला. तळमजल्याच्या दुकानांपाशी क्षणभर थांबा. दार आणि खिडकी एकाच कमानीत आहेत. कमानीचा अर्धा भाग दार, उरलेल्या अर्ध्यात गुडघ्यापेक्षा थोडा उंच दगडी कट्टा. दुकानदार आत उभा राहून या कट्ट्यावरून माल द्यायचा, गिऱ्हाईक रस्त्यावरच. स्पोन्झा राजवाडा त्या भूकंपातून वाचला, म्हणून त्याची दर्शनी बाजू बाकीच्या सडकेपेक्षा वेगळी आणि नाजूक दिसते.

ओर्लांदोच्या खांबावर कोरलेल्या योद्ध्याचा हात बघा. कोपरापासून मनगटाकडचा भाग म्हणजे ५१.२ सेंटिमीटर, दुब्रोवनिकचा अधिकृत हात. कापड मोजताना भांडण झालं की माप इथे लावून बघत.

फ्रान्सिस्कन मठातलं औषधालय १३१७ चं आहे. प्लोचे दरवाजाबाहेर लाझारेती, म्हणजे विलगीकरणाच्या इमारती आहेत. प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थांबवण्याचा कायदा दुब्रोवनिकने १३७७ मध्ये केला. व्यापार बंद करायचा नव्हता आणि रोगही आत घ्यायचा नव्हता, त्यातून हा तोडगा निघाला. लाझारेतीच्या इमारती त्याच धोरणाचं पुढच्या काळातलं रूप आहेत. शतकानुशतकं तह, खंडणी आणि नियम यांच्या बळावर हे छोटं प्रजासत्ताक मोठ्या सत्तांच्या मध्ये टिकलं. १८०६ मध्ये फ्रेंच सैन्य आत आलं आणि १८०८ मध्ये त्यांनी ते बरखास्त केलं. आमच्या मते हे शहर बघायचं ते या दृष्टीने. नुसते फोटो काढत फिरलात तर तासाभरात संपेल.

लोवरियेनाच वेगळा बघावा का?

हो. ३७ मीटर उंच कड्यावरचा हा किल्ला पिलेच्या बाहेर आहे. समुद्राकडची भिंत बारा मीटरपर्यंत जाड, शहराकडची जेमतेम ६० सेंटिमीटर. एखादा किल्लेदार फितूर झालाच, तर शहरातून ती भिंत तोफेने पाडता यावी म्हणून. दारावर लॅटिनमध्ये कोरलं आहे की जगातल्या सगळ्या सोन्यालाही स्वातंत्र्य विकू नये.

लोक्रुम बेट आणि स्रजचा डोंगर?

लोक्रुमला जुन्या बंदरातून बोट जाते, पंधरा मिनिटं लागतात. हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. बेटावर जुना बेनेडिक्टाइन मठ, बाग, मोकळे फिरणारे मोर, आणि 'मृत समुद्र' नावाचं खाऱ्या पाण्याचं छोटं तळं आहे. लहान मुलांना पोहायला तेच सुरक्षित. धूम्रपान आणि विस्तव पेटवायला बंदी, मुक्कामाला परवानगी नाही. उतरताच शेवटच्या बोटीची वेळ फलकावर बघून फोटो काढून ठेवा. मोरांना खाऊ घालू नका.

स्रज ४१२ मीटर उंच. रोपवेला चार मिनिटं लागतात, जायचं-यायचं तिकीट महाग आहे आणि सूर्यास्ताआधी रांग मोठी. वर नेपोलियनच्या काळात फ्रेंचांनी बांधलेला किल्ला असून त्यात १९९० च्या दशकातल्या युद्धाचं संग्रहालय आहे. ज्यांना सिंहगड चढवतो त्यांना नागमोडी पायवाटेने तास-सव्वा तासात वर जाणं जड नाही, पण सकाळीच. वाटेवर मोठे दगड सुटे आहेत, चपला घालून जाऊ नका.

पोहायला कुठे?

प्लोचेजवळचा बान्ये किनारा सर्वांत जवळ, सेंट जेकब जरा दूर पण शांत, मुलांसाठी लापाद. वाळू नाही, गोटे आहेत, आणि खडकांवर समुद्री साळिंदरं असतात. त्यांचा काटा पायात मोडला तर दिवस वाया जातो. पाण्यात घालायचे रबरी बूट इथे कुठेही मिळतात, ते घ्या. पोहण्याच्या कपड्यांत किंवा उघड्या अंगाने जुन्या शहरात फिरलात तर दंड होतो.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

हाल नाहीत, पण विचारून खावं लागतं. बेकरीला 'पेकारा' म्हणतात. तिथे चीज भरलेलं पापुद्र्यांचं बुरेक आणि तसाच पालकाचा पाई मिळतो, सकाळच्या न्याहारीला पुरेसं. खानावळीत ब्लित्वा मागा: पालकासारखी पालेभाजी, बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेल. ती बहुतेक माशाबरोबर येते, पण वेगळी देतात. शिवाय भाजलेल्या भाज्या, पिझ्झा, पास्ता, ट्रफल या सुगंधी अळंबीची न्योकी (बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे) आहेतच.

सावधान राहायच्या जागा अशा. सूप साधं दिसलं तरी बहुधा मांसाच्या रश्शातलं असतं. काळा भात म्हणजे माकुलाच्या शाईतला. कोबीची 'झेलेना मेनेस्त्रा' नावाने हिरवी असली तरी खारवलेल्या मांसाशिवाय होत नाही. रोझाता या गोड पदार्थात अंडं असतंच. वेटरला "बेझ मेसा, बेझ रिबे, बेझ याया" असं सांगा: मांस नको, मासे नकोत, अंडं नको. जैन जेवण मिळेल ही अपेक्षा ठेवू नका, खोलीत स्वयंपाकघर असेल असं घर घ्या. गुंदुलिच चौकात सकाळी भाजी-फळांचा छोटा बाजार भरतो.

पैसे?

२०२३ पासून चलन युरो. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, बाजार आणि छोट्या बोटींसाठी थोडे रोख ठेवा. एटीएम "रुपयांत हिशोब करू का?" असं विचारतं, तेव्हा नाही म्हणा आणि युरोतच काढा. रुपयांचा दर कायम महाग पडतो. रस्त्याकडेच्या सुट्या एटीएमपेक्षा बँकेचं बरं.

गोव्याचा आणि दुब्रोवनिकचा संबंध आहे म्हणतात, ते काय?

जुन्या गोव्याजवळ गवंडाळी गावात सां ब्राझचं चर्च आहे. सां ब्राझ म्हणजेच संत ब्लेझ, दुब्रोवनिकचा रक्षक संत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापारात उतरलेल्या दुब्रोवनिकच्या दर्यावर्दींनी ते बांधलं अशी परंपरा सांगितली जाते. दुब्रोवनिकमधलं आजचं संत ब्लेझचं चर्च मात्र १७०६ ते १७१५ मधलं, आधीचं जळालं. आत वेदीवर संताची चांदीची मूर्ती आहे. तिच्या हातात शहराची छोटी प्रतिकृती आहे, भूकंपापूर्वीची. जवळ जाऊन बघा. ३ फेब्रुवारीच्या सणाला शहरात मिरवणूक निघते. थंडी सोसवत असेल तर जायला ही वेळही चांगली आहे, आणि गर्दी बहुतेक गावकऱ्यांचीच असते.

पाऊस आला तर?

स्त्रादूनची फरशी शतकांच्या पावलांनी गुळगुळीत झाली आहे, ओली झाली की पाय घसरतो. रबरी तळव्याचे बूट घाला. तटबंदी दुसऱ्या दिवशी ठेवा आणि पासात येणारी संग्रहालयं तेव्हा उरका.

काही अडचण आली तर कुठे फोन करायचा?

११२, सगळ्या प्रकारच्या मदतीसाठी, इंग्रजीतही बोलतात. पारपत्राची आणि व्हिसाची प्रत फोनमध्ये आणि कागदावर वेगवेगळी ठेवा. घरमालक आल्या दिवशी पारपत्र मागतो, ती सरकारी नोंदणी आहे, पण नोंद झाली की ते तिथल्या तिथे परत घ्या.